वेंदेलने ऐकलेला शब्द

व्हँकुव्हर बेट, कॅनडा
१९ ऑक्टोबर १९५८

लाडक्या तेरूस,

आईच्या दोन्ही हातांवर माझे ओठ टेकवलेत असं तिला सांग. मी धडधाकट आहे, जेवतोखातो. तुझं पार्सल पोचलं. लाल मिरचीची पुडी वाटेत फुटली आणि बराकीतल्या सगळ्यांना शिंका लागल्या. स्वयंपाकी म्हणाला, “तुमच्याकडे हे खातात की शत्रूवर फेकतात?” मोजेही मिळाले. लाल झालेत, पण उबदार आहेत.

इथलं धुकं एकदा खाली उतरलं की दिवस कधी उजाडला आणि कधी मावळला ते कळत नाही. झाडांचे शेंडे दिसतच नाहीत. करवत ओढता ओढता वाटतं, आपण झोपेत आहोत. जाग आली की आपल्या हंगेरीत, बाकोन्यच्या रानात असू आणि बाबा कोळशाच्या भट्टीपाशी बसलेले असतील. आलो त्या दिवशी वेंदेल एका देवदाराला पाठ टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “बालिंत, हे झाड नाही रे, चर्चचा मनोरा आहे. पाडायचा तर बिशपला विचारावं लागेल.”

तू विचारतेस, वेंदेल का लिहीत नाही? सांगतो. आधी एक वेगळंच सांगू दे.

इंग्रजीत ‘नो’ म्हणजे नको, थांब. आपण घोड्याला ‘नो’ म्हणतो ते चल म्हणून. वेंदेलचं अर्धं आयुष्य त्या करड्या घोड्यामागे ओंडके ओढण्यात गेलेलं. त्याला याचं फार हसू यायचं. “काय देश आहे! घोडा हाकला की उभा राहणार.” मी बटाटे वाढायला गेलो की मुद्दाम ‘नो’ म्हणायचा आणि ताट पुढे करायचा. पुढे सवय झाली. म्हणजे झाली असं आम्हाला वाटलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी पाडलेलं झाड शेजारच्या झाडात अडकून राहिलं. वेंदेल त्याच्या माऱ्याबाहेर, जरा अलीकडे उभा होता. आमचा मुकादम मॅक्रे, भला माणूस आहे, त्याला ते झाड अडवून धरणारी वरची फांदी सुटताना दिसली. तो ओरडला, “नो, वेंदेल, नो!”

मी बघत होतो, तेरूस. वेंदेलने मान वर केली आणि पुढे पाऊल टाकलं. घाबरून नाही. लगाम हातात घेऊन निघावं तसा, सावकाश. तेवढ्या वेळापुरता तो इथे नव्हताच. घरी होता.

झाड खाली आलं. वेंदेल गेला. तिथल्या तिथे गेला, तळमळला नाही. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही, खरंच तसं झालं.

मॅक्रे मला सारखा विचारतो, “मी थांब म्हणालो होतो ना रे? मग तो पुढे कसा आला?” मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तो त्याच्या भाषेत बरोबर ओरडला आणि वेंदेलने आपल्या भाषेत बरोबर ऐकलं. दोष कोणाच्या माथी मारू?

खाडीवरच्या उतारावर त्याला पुरलं. आपल्याकडचा पाद्री नव्हता, म्हणून प्रार्थना मीच म्हटली. मधेच विसरलो, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. मॅक्रे टोपी छातीशी धरून शेवटपर्यंत उभा होता. अजूनही धुक्यात घोड्याच्या टापा ऐकू येतात मला. वेंदेल येतो आणि विचारतो, तेरूसचं पत्र आलं का? मी हो म्हणतो. मग तो ओंडक्यावर बसतो आणि मी तुझं पत्र वाचून दाखवतो. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. लिहिलं की तो यायचा थांबेल, अशी भीती वाटत होती.

पण तुझं शेवटचं पत्र आलं आणि गप्प बसवेना. गेडोन मास्तरांनी तुला मागणी घातली आहे आणि नाताळला तू त्यांना नकार देणार आहेस, कारण तू वेंदेलला शब्द दिला आहेस. मास्तरांना हो म्हण असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू ठरव. मात्र जे काय सांगशील ते तुझ्या मनाने सांग, वेंदेलसाठी नको. तुझा शब्द तू पाळलास. आता तो पाळायला दुसऱ्या बाजूला कोणी नाही.

हे पत्र आईजवळ बसून वाच. रडायला आलं तर रड, माझ्या वाटचंही रड. इथे दिवसभर माणसं असतात.

त्याची वाट आता पाहू नकोस, पोरी. माझी पाहिलीस तर चालेल.

तुझा दादा,
बालिंत