सुजलेल्या पापणीआड

४ मार्च
आले एकदाची! मुलांच्या वॉर्डात नर्सची नोकरी, वरच्या मजल्यावर राहायला खोली, खिडकीतून शाळेचं मैदान. मोठ्या सिस्टरनी चहा पाजला आणि बजावलं, की इथली पोरं नव्या माणसाला पाणी पाजतात. पाजू देत! माझी लेक चकुली तापात गेली, तेव्हापासून घर कसं मुकं झालं होतं. इथे निदान कलकलाट तरी आहे.

७ मार्च
आज टिल्लू दाखल झाला. सर्दीचं निमित्त, आणि उजवा डोळा लालबुंद, फुगून पार मिटलेला. पापणीला हात लावला तर चटका बसावा. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या आईला धीर दिला, की संसर्ग डोळ्यामागे गेला नाही तर इंजेक्शनांनी आराम पडेल. सुई टोचली तरी गडी रडला नाही. उलट मलाच विचारलं, की तुमच्यामागे ती फ्रॉकवाली कोण उभी आहे. मी हसले. तापात मुलं बरळतात.

९ मार्च
शेजारच्या खाटेवरच्या मुलीचे दोन्ही डोळे सुजून बंद आहेत. तिलाही फ्रॉकवाली दिसते. पिवळा फ्रॉक, एकच वेणी घातलेली, दुसरीकडचे केस मोकळे.
हातातला ट्रे कसाबसा टेकवला. चकुलीला शेवटचं सजवताना दुसरी वेणी माझ्याच्यानं झाली नव्हती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

११ मार्च
ती मुलगी गेली. सकाळपासून पुटपुटत होती, आले गं, खेळायला आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूपर्यंत पोचलं होतं. मोठ्या सिस्टर भिंतीकडे तोंड करून रडल्या.
टिल्लूनं सांगितलं, फ्रॉकवाली तिला घेऊन गेली. आता त्याच्या खाटेवर येऊन बसते.

१२ मार्च
टिल्लूचा डोळा पुढे आलाय, हलत नाही. उद्या ऑपरेशन.
माझी डावी पापणी जड झालीय. गरम. औषध घेतलं नाही. एकदाच, फक्त एकदा तिला—

१३ मार्च
डोळा मिटला. आणि दिसली.
माझी चकुली — टिल्लूच्या उशाशी — त्याचा हात धरून ओढतेय. रागानं नाही. एकटी आहे गं ती — आईशिवाय कधी झोपली नाही —
त्याची आई पायाशी बसलीय, ऑपरेशनला न्यायची वाट बघत. तिला काही दिसत नाही.
मी म्हटलं, "चकुले, सोड त्याला. मी येते ना तुझ्याबरोबर."
सोडला.
टिल्लूनं डोळा हलवला. भूक लागली म्हणतोय — त्याची आई हसतेय, रडतेय —
किती गार बोटं गं तुझी. थांब, एवढं लिहू दे, बा—