ढब्बूच्या मूडसाठी सुकेळी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
ढब्बू पुन्हा माझ्यावर गुरगुरला. सहा वर्षं माझं खातंय हे कुत्रं. खेळत नाही, शेपूट हलवत नाही, भिंतीकडे तोंड करून बसतं. तोंडाला वास असा की माझा चहा राहिला. आमची लेक हेमांगी त्याला सुकी मासळी चारते, दुसरं काय. शी. निश्चय : आजपासून घरात सुकी मासळी बंद.

४ फेब्रुवारी. दुपारी.
मोबाईलवर वाचलं. मूड म्हणजे मेंदूतलं केमिकल, सेरोटोनिन. केळ्यात भरपूर. आणि आम्ही निर्मळ गावचे, वाडीत केळीच केळी. सुकवलेल्या केळ्यात तर अर्कच. निश्चय : ढब्बूला रोज दोन सुकेळी. पंधरा दिवसांत नाचेल. हेमांगी म्हणाली, बाबा, दात दुखत असेल, डॉक्टरकडे नेऊ. कॉलेजात गेली म्हणून सगळं कळतं. दुखलं असतं तर केकाटला नसता?

७ फेब्रुवारी.
डोस चालू. स्वतः खात नाही, म्हणून जबडा उघडून मीच आत दाबतो. चिकट लाळ कोपरापर्यंत. किळस येते, पण उपचार म्हणजे उपचार. बरणीचं झाकण वाजलं की पलंगाखाली शिरतो. लाजतो.

११ फेब्रुवारी.
चावला. मला. केमिकल वगैरे काही नाही, जातच कृतघ्न. अर्नाळ्याच्या जयरामला वाळत घातलेल्या मासळीच्या राखणीला कुत्रं हवंय. २२ला येऊन घेऊन जाईल. बायको, नर्मदा, रडली. मी ठाम.

१४ फेब्रुवारी, शनिवार.
मायलेकींनी परस्पर ढब्बूला जनावरांच्या डॉ. युजीनकडे नेलं. कळल्यावर मीही गेलो. दोन दाढा मुळापर्यंत कुजलेल्या. काढल्या. म्हणाले, वर्षभराचं दुखणं असेल, कुत्री मुकाट सोसतात. सतत दुखलं की मेंदूतली केमिकलंही बिघडतात, जनावर उदास होतं, चिडतं. म्हणजे केमिकलचं माझंच खरं. केळ्यातलं सेरोटोनिन मेंदूत पोचत नाही म्हणे. मग त्यांनी विचारलं, दाढेत हे काळं चिकट काय अडकलंय? नर्मदेने माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटर नीट लावायला बाहेर आलो.

२२ फेब्रुवारी, रविवार.
ढब्बू नाचतोय. दूधवाल्यापुढे, शेजारच्या ऑस्टिनपुढे. पंधरा दिवस म्हटलं होतं, अठरा लागले.
जयराम आला. मी सांगितलं, कुत्रं द्यायचं नाही. तो म्हणाला, बरं, पन त्याला इचारलं का? ढब्बू त्याच्या स्कूटरवर पुढे चढून बसला होता. मी हाक मारली. आला, माझा हात हुंगला, आणि परत जाऊन बसला. हेमांगीने उचलून उतरवला तेव्हा जयराम गेला.
आता फाटकापाशी बसलाय, माझ्याकडे पाठ करून. फार वाईट वाटतंय. हात तीनदा साबणाने धुतले. सुकेळीचा वास जात नाही.