आबांना लावलेली सवय

वडूजजवळच्या आपल्या मळ्यातून,
सोमवार, १० जून १९७४

तीर्थरूप बाळासोमामा, अंजनाचा तुमच्या पायांवर डोके ठेवून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? पलटणीतून दुखरा आणलेला गुडघा कुपवाडच्या कारखान्यात दिवसभर उभे राहून बरा होणार नाही, हे मी मागच्या पत्रात लिहिणार होते. ते पत्र लिहायचेच राहिले. मामींना नमस्कार. त्यांनी पाठवलेल्या शेवया पोचल्या आणि संपल्या, हेही त्याच पत्रात लिहायचे होते.

मार्चमध्ये तुम्ही सांगलीहून बी. एड.चा फॉर्म आणून दिलात आणि आठ दिवसांत भरून पाठव म्हणालात, त्याला तीन महिने होत आले. फॉर्म सुखरूप आहे, ट्रंकेत सर्वांत वर. मी रिकामी बसले होते असे मात्र समजू नका. आधी मी वेळापत्रक केले. पाचला उठणे, साडेपाचला व्यायाम, सहाला फॉर्म. ते निळ्या शाईत फार थिल्लर दिसू लागले म्हणून पुन्हा काळ्या शाईत केले. सुरुवात मेच्या एक तारखेपासून ठरली, तर एक तारीख आली बुधवारी. (आठवड्याच्या मध्येच नवी सवय कशी लावणार?) मग सोमवार धरला. त्या सोमवारी आबा विहिरीवरची मोटर सुरू करायला मुहूर्त विचारून यायला निघाले, तेव्हा मुहूर्ताच्या खुळावर मी त्यांना तासभर सुनावले आणि त्यातच सहाची वेळ टळली. (एक तारीख आणि सोमवार हे मुहूर्त नव्हेत का, असे शेजारच्या बशीरचाचांच्या जरिनाने विचारले. तिचा शिवणक्लासचा फॉर्म मीच एका दुपारी भरून दिला होता. तिला प्रवेशही मिळाला. तेव्हापासून ती असले प्रश्न विचारते.)

खरी अडचण फॉर्ममधल्या एका प्रश्नाची होती. शिक्षिका का व्हायचे आहे? उत्तराला तीन ओळी. मी अकरा मसुदे केले. पहिल्या मसुद्यात आपले गाव साक्षर झाले, चौथ्यात खटाव तालुका, नवव्यात सगळा देश. एवढे सगळे आपल्याला करायचे आहे हे वाचून मलाच धडकी भरली. आणि मामा, तुम्हाला म्हणून सांगते. आपल्या घरात बी. ए. झालेली मी पहिली. फॉर्म कोरा आहे तोवर मला कोणी नापास करू शकत नाही.

स्वतःला शिस्त लागेना, तेव्हा मी आबांना लावायला घेतली. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून गोठ्याच्या भिंतीवर त्यांच्या प्रत्येक राहिलेल्या कामाची एकेक कोळशाची रेघ ओढायला लावली. काम झाले की रेघ शेणाने सारवून टाकायची. पाच रेघा झाल्या. बांध, मोटरचा स्टार्टर, म्हशीचे दावे, तलाठ्याकडचा उतारा. चार कामे त्यांनी आठवड्यात उरकली. (माझे शिक्षण फुकट गेले असे आता कोणी म्हणू नये.) पाचवी रेघ तशीच राहिली. कसली विचारले, तर म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे. लय निकडीचं न्हाई." तेव्हा मी बोलू नये ते बोलले. तुमच्या या 'ऱ्हाऊ दे'नेच आपले घर मागे राहिले, असे म्हणाले. आबा खाली बघत म्हणाले, "व्हय, खरं हाय."

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एस.टी.ने गेले. संध्याकाळी आले ते थेट गोठ्यात, आणि शेणाचे हात धुवत मला म्हणाले, "अंजे, लोणंदला होकार देऊन आलो."

लोणंदचे ते कांद्याच्या वखारीवरचे स्थळ तुम्हाला ठाऊक आहे. मुलाच्या आईने 'नोकरी नगं, पर बीएचं सर्टिफिकेट आणा, भिंतीला लावू' म्हटले होते, तेच. "दीड वरीस त्यांना आज-उद्या करत हुतो," आबा म्हणाले. "तुझा फॉर्म एकदा गेला असता, तर पोरीचं शिक्षान अजून चालू हाय असं म्हणाय आलं असतं. पर फॉर्म काय जाईना. आन् तू बोललीस ते पटलं बग मला." आई चुलीपाशी होती. ती एवढेच म्हणाली, "झोपलेल्या माणसाला कशाला जागं केलंस गं बाई?"

सवय बदलता येते मामा, हे मी आता अनुभवाने सांगू शकते. घरातल्या सर्वांना माझा नमस्कार पोचवा आणि गुडघा जपा.

तुमची पदवीधर भाची,
अंजना

ता. क. फॉर्म सोबत आहे. आज दुपारी पाऊण तासात भरला. त्या तीन ओळींत 'मला शिकवता येते' एवढेच लिहिले आहे. आबांकडे पाहता ते खोटे नाही. तीस तारखेच्या आत सांगलीला स्वतः नेऊन द्या.

दुसरे ता. क. सुपारी पुढच्या रविवारी, तेवीस तारखेला फुटणार आहे. पत्र मिळताच निघून या. आबा तुमचे ऐकतात. पाहुण्यांना कळवायला उशीर करा, पंचांग नीट बघा, पाऊस पडू द्या, काय वाटेल ते सांगा, पण त्यांना पुन्हा पहिल्यासारखे करा. सवयींबद्दल वर जे लिहिले आहे ते वाचले नाही असे समजा.

तिसरे ता. क. पत्र सोमवारी सुरू केले होते, आज शनिवार आहे. आबा पायताण घालून उंबऱ्यात उभे आहेत. "झालं का लिहून? आन हिकडं, आत्ताच पेटीत टाकून येतो. मामाला सुपारीचं कळवलंस न्हवं?" असे विचारताहेत. मी हो म्हटले.