अळणी घाणा

जळगाव, बुधवार संध्याकाळ, मार्च १९९१

आज सकाळी हे म्हणाले, "तुझ्या वेफर्समध्ये मीठ अगदी बरोबर असतं." बावीस वर्षांत माझ्या हातच्या पदार्थाला नावं न ठेवता घास गिळला नाही यांनी. मग आजच का?

सणावाराला मी केळीचे वेफर्स तळून ओळखीच्या चार घरी विकते. यांना त्याची लाजच वाटायची. सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कची बायको, आणि वेफर्स विकते! आता पंधरा दिवस झाले, रोज विचारतायत, एका घडाचे किती होतात, दिवसाला किती घाणे निघतील. परवा तर म्हणाले, "पेन्शनची वाट कशाला बघायची? आपला धंदा काढू. गिऱ्हाईक, दुकानदार, बठ्ठं मी पाहतो. तू फक्त तळ."

फक्त तळ! यांच्या निवृत्तीला अजून दहा वर्षं आहेत. मी विचारलं, "नोकरीचं काय?" तर म्हणे, "बघू." हे 'बघू' माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. स्कूटर दारात आली, त्याच्या आदल्या दिवशीही 'बघू'च होतं.

म्हणून आज मुद्दाम एक घाणा अळणी काढला. चिमूटभरही मीठ नाही. हे कचेरीतून आल्यावर बशी पुढे ठेवली आणि मी यांच्या तोंडाकडे बघत बसले. मूठभर खाऊन यांनी मान डोलावली. "वा! मीठ अगदी बरोबर."

यांचा राजीनामा देऊन झालाय. मला सांगायचं तेवढं राहिलंय.