रानातली आई आणि घरातली आई

सर,

तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी भांडायचंय. कालपासून जीव थाऱ्यावर नाही.

आमच्या डिंगोरे गावातल्या घरात दोन जावांची कामं वाटलेली होती, थोरली रानात अन् धाकटी घरात. थोरलीनं मला जन्म दिला आणि सव्वा महिना होताच ती कांद्याच्या रानात गेली. न्हाऊमाखू, वेणीफणी, दुखलंखुपलं, सगळं धाकटीकडं. आम्ही पोरं धाकटीला आई म्हणायचो, थोरलीला बाई. संध्याकाळी बाई पदरातून भुईमुगाच्या शेंगा आणायची. त्या घेऊन आम्ही आईकडं पळायचो. सातवीत तुम्ही इंग्रजीत कुटुंबावर निबंध दिलात आणि मी लिहिलं, मला दोन आया आहेत. तुम्ही लाल रेघ ओढलीत. "आई एकच असते गं! दुसरी ती आंट. दहा वेळा लिहून आण." वर्ग फिदीफिदी हसला. मी रडत रडत लिहिलं. त्या इंग्रजीवरच आज पुण्यात नोकरी करते, हेही खरं.

दहा दिवसांपूर्वी धाकटी गेली. रजेच्या अर्जात मयताशी नातं काय, असा रकाना. आंटसाठी एक दिवस, मदरसाठी तेरा. हात आधी आंटकडंच वळला, बघा तुमची शिस्त! मग मी ठासून मदर लिहिलं. साहेब हळहळले, "निघा तुम्ही" म्हणाले.

काल दहावा झाला. सगळे पांगल्यावर ओट्यावर मी बाईला हे सांगून टाकलं. "ब्येस केलंस," ती म्हणाली. "तिनंच वाढिवलं तुला. मी व्हते कुठं?" मग पदरानं तोंड पुसून हसली. "पर मी मेल्यावर काय लिवशील गं? हापिसात आई येकदाच मरती ना?"

तेव्हापासून नुसत्या येरझाऱ्या घालतेय. तुमच्यावर राग काढायला वही उघडली, पण सर, सातवीत ते वाक्य दहा वेळा लिहिताना मी मदरच्या जागी धाकटीला धरलं होतं आणि आंटच्या जागी बाईला. तुम्ही एक आई खोडलीत. कोणती, ते मी ठरवलं.

बाई आत भाकरी थापतेय. तिला आई म्हणून हाक मारावी म्हणते. सकाळपासून तीनदा दारापर्यंत जाऊन आले, जीभ उचलत नाही.