दारात रिकामे केलेले खिसे

पनवेल, ८ डिसेंबर २०१३

प्रिय रंजू,

फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. खारघरची मंडळी तुला मागणी घालायला गेल्या रविवारी येऊन गेली. मुलगा, प्रितम, फोटोपेक्षा बरा आहे. पोहे दोनदा मागून घेतले, तिथेच मला आवडला. तुझे बाबा मात्र नेहमीसारखेच. बाहेरून आले ते किल्ल्या, सुटे पैसे, काडेपेटी सगळं दाराबाहेरच्या कट्ट्यावर काढून मगच आत. पाहुणे बघतच राहिले. आता त्यांना काय सांगणार, की खाणीतल्या सुरुंगाच्या दारूच्या कोठारावरची नोकरी कधीच सुटली, पण ठिणगी पडू नये म्हणून आत शिरताना खिसे रिकामे करायची सवय काही सुटली नाही?

त्या कोठाराचं नाव घरात कुणी काढत नाही. जुना झालेला माल आतल्या आत तापत गेला, आणि बाबा डबा खायला बाहेर आले तेवढ्यात सगळं उडालं. त्यांचा जोडीदार काशिरामभाऊ आत होता. पुढे तू पुण्याच्या प्रयोगशाळेत स्फोटकांच्याच कामाला लागलीस, तेव्हा बाबांनी एका शब्दानं चौकशी केली नाही. मला वाटायचं, राग धरलाय. तू मला समजावलं होतंस, की साठवलेली स्फोटकं जुनी झाली तरी आतून बिघडू नयेत, म्हणून त्यांत मिसळायचं नवं रसायन तुम्ही शोधताय, नमुने महिनोन्‌महिने गरम ठेवून बघताय. मला आपलं लोणच्यावरच्या तेलाएवढंच कळलं.

निघताना पाहुण्यांनी अट घातली, लग्नानंतर हे काम सोडायचं. तू फोनवर म्हणालीस, बाबा म्हणतील तसं. तुझा आवाज किती बारीक झाला होता ग. मी भीतभीतच बाबांना विचारलं. ते म्हणाले,

"तिला सांग, काम सोडायचं नाय. तवा आसं रसायन आसतं, तं काशिराम आज घरी आसता."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मग आम्ही दोघंही रडलो. खारघरला तसं कळवलंय. चाललं तर ठीक, नाहीतर माझे पोहे दुसरं कुणी खाईल.

पण पत्र लिहिलं ते वेगळ्याच कारणानं. बाबांना तुझी प्रयोगशाळा बघायची आहे. तुला स्वतः विचारायला लाजतात, मला पुढे करतात. शनिवारी एस.टी.नं येऊ का? आत सोडत नसतील तर दारापर्यंत तरी ने. तिथल्या माणसांना काही सांगावं लागणार नाही. खिसे ते आपणहून रिकामे करतील.

तुझीच,
आई