कुऱ्हाडीवरचा आळ

प्रिय डोम्निका,

तुझं पार्सल पोचलं. कॉफी चांगली आहे, हातमोजे त्याहून चांगले. तुझ्या बाबांनी डावा लगेच चढवला आणि उजवा उशीखाली सारला. त्यांचं बोट कुऱ्हाडीनं तुटलं असं त्यांनी तुला सांगितलं, तेव्हा फोनवर तू हसलीस. "या वयात लाकडं फोडायला कुणी सांगितलं होतं, म्हातारबुवा? बरी अद्दल घडली!" तेही हसले. मी चुलीकडे तोंड करून उभी होते.

हिवाळ्यात ते न्यूमोनियातून उठून घरी आले, तेव्हा तूच इटलीहून ते बोटाला लावायचं यंत्र पाठवलं होतंस. चिमट्यासारखं, आत लाल उजेड, रक्तातला प्राणवायू सांगणारं. "आई, दिवसरात्र बोटावरच राहू दे. मी फोन केला की मला आकडा दिसला पाहिजे." बाबांची बोटं साखरेच्या आजारानं आधीच बधिर, त्यात वाळून काटक्या झालेली. चिमटा घसरायचा, आकडा उडायचा आणि तू तिकडून ओरडायचीस, "अगं, बांध ना काहीतरी!" तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आपण मनगटात लाल दोरा बांधतो ना, तोच घेतला आणि चिमट्यासकट बोटाला गच्च आवळला. फोनमध्ये तुला तो दिसला. "छान, आता दृष्टही लागायची नाही," म्हणालीस.

दुखतंय का, असं मी विचारायची. ते म्हणायचे, "सवेते, पोरीला आकडा दिसतोय ना? मग राहू दे." पुढे आकडा जाऊन नुसत्या रेघा आल्या. तू म्हणालीस, सेल बदल. मी सेल बदलले. बोटात रक्तच पोचत नव्हतं गं, आणि आपण दोघी सेल बदलत होतो! गावची नर्स इंजेक्शन द्यायला आली, तिनं दोरा कापला. बोट काळं पडलं होतं. तालुक्याला नेऊन ते कापलं.

उजव्या हाताची तर्जनी. आपल्याकडे अंगठा आणि शेजारची दोन बोटं जुळवून क्रूस काढतात, हे तिकडे राहून तू विसरली नसशीलच. जन्मभर देवळात स्तोत्रं गाणारा माणूस बोट गेल्यावर पहिल्यांदा देवळात गेला आणि दोनच बोटांनी क्रूस काढू लागला, तर ती भवानी कातिंका सगळ्यांसमोर म्हणते कशी, "तोदेर, क्रूस काढतोस की कालवणात मीठ टाकतोस?" बायका फिदीफिदी हसल्या. त्यानंतर त्यांनी देवळाची पायरी चढली नाही. घरातही गात नाहीत.

आणि मग तू तिकडे सांभाळतेस त्या म्हाताऱ्या मालकीणबाईंच्या वाढदिवसाची फिल्म आली. म्हातारीचे गार हात तू आपल्या तळव्यात धरून ऊब देतेस, नखाचा रंग पुसतेस, नख नेमकं उजेडाखाली येईल असा चिमटा अलगद लावतेस. थोड्या वेळानं काढून त्वचा बघतेस. "आता दुसरं बोट हं, राणी, नाहीतर वळ उठेल." म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. परक्या म्हातारीला दुसरं बोट, आणि बापाला दोरा! बाबा ती फिल्म पुन्हापुन्हा बघतात आणि म्हणतात, "बघ, किती मायेनं करते आपली पोर." त्या क्षणी मला तुझा तिरस्कार वाटला. अजून वाटतो.

ईस्टरला तू येतेयस, म्हणून हे लिहिलं. कुऱ्हाडीचं खोटं त्यांनी तुझ्यासाठी रचलंय. "पोर जन्मभर जळेल, तिला कळता कामा नये," म्हणून माझा हात देवाच्या तसबिरीवर ठेवून मला शपथ घ्यायला लावली. नर्सलाही पढवून ठेवलंय. ती शपथ मी आज मोडली. माझं काय ते देव बघेल. तू ये. दारातून हसत ये. त्यांना म्हातारबुवा म्हण, लाकडं कशी फोडली ते विचार, आणि ते रंगवून सांगतील ते शेवटपर्यंत ऐक. तुला कळलंय याची त्यांना शंकासुद्धा येता कामा नये. त्यांच्यासमोर डोळ्यांतून एक टिपूस काढलास, तर हाताला धरून घराबाहेर काढीन. आता तुझी पाळी आहे हसत राहायची.

तुझीच,
आई